स्विंग ट्रेडिंग: रोजचं विश्लेषण आणि रिस्क मॅनेजमेंट मोबाईलवर कसं करायचं?

शेअर कधी घ्यायचा हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर सापडतात. पण चुकलो तर नेमके किती रुपये जाणार, हे फार कमी जण सांगतात. आजच्या लेखात आपण स्विंग ट्रेडिंगसाठी रोज काय बघायचं आणि तोटा आधीच कसा ठरवायचा, हे उदाहरणासह पाहू.

स्विंग ट्रेडिंग म्हणजे काय?

शेअर घेऊन तो काही दिवस ते काही आठवडे ठेवायचा आणि मधल्या चढ-उतारात नफा काढायचा, याला स्विंग ट्रेडिंग म्हणतात. इंट्राडेसारखं त्याच दिवशी विकायचं बंधन नसतं, त्यामुळे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे करता येतं. पण शेअर रात्रभर आणि शनिवार-रविवारीही तुमच्याकडेच असतो. बाजार बंद असताना जगात काही घडलं, तर तुम्हाला काहीच करता येत नाही. याला ओव्हरनाइट रिस्क म्हणतात आणि स्विंग ट्रेडरचा खरा धोका हाच.

माझी चूक: ७ एप्रिल २०२५

मी वाईत राहतो आणि कामाला पाचगणीला जातो. एप्रिल २०२५ मध्ये माझे ट्रेडिंगचे सगळे ४०,००० रुपये एकाच शेअरमध्ये होते. ३१० रुपयांनी १२९ शेअर घेतले होते. स्टॉप लॉस लावला होता, ट्रिगर २९८ आणि लिमिट २९७. हिशोब असा की फार तर १,६७७ रुपये जातील.

शुक्रवारी, ४ एप्रिलला निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. अमेरिकेच्या नव्या आयात शुल्कामुळे जगभरचे बाजार घसरत होते. सोमवारी सकाळी निफ्टी थेट २१,७५८ च्या आसपास उघडला, म्हणजे एका झटक्यात सुमारे ५ टक्के खाली. माझा शेअर २८१ ला उघडला.

त्या वेळी मी पसरणी घाटात गाडीवर होतो. ऑफिसात पोचलो, कामाला लागलो आणि ११ वाजता ॲप उघडलं. वाटलं होतं शेअर विकला गेला असेल. पण ऑर्डर पेंडिंग! ट्रिगर लागला होता, पण माझी अट होती २९७ किंवा जास्त भावाची, आणि त्या भावाला घेणारा कोणीच नव्हता. शेवटी २७६ ला विकला. तोटा ४,३८६ रुपये, म्हणजे ठरवलेल्याच्या अडीच पटीहून जास्त. १५ एप्रिलला निफ्टी परत २३,३०० च्या वर बंद झाला, पण तोवर मी बाहेर होतो.

चूक ॲपची नव्हती, ऑर्डरने जे सांगितलं तेच केलं. स्टॉप लॉस म्हणजे गॅरंटी नाही. त्यामुळे खरं संरक्षण दुसरीकडे शोधावं लागतं, ते म्हणजे किती शेअर घ्यायचे यात.

किती शेअर घ्यायचे? हे सूत्र पाठ करा

एका ट्रेडमध्ये एकूण भांडवलाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त धोका घ्यायचा नाही.

शेअरची संख्या = (भांडवलाचा १ टक्का) ÷ (खरेदी भाव वजा स्टॉप लॉस)

समजा भांडवल ५०,००० रुपये आहे. १ टक्का म्हणजे ५०० रुपये. शेअरचा भाव २४०, स्टॉप लॉस २२८, म्हणजे एका शेअरमागे धोका १२ रुपये. ५०० ÷ १२ = ४१ शेअर. गुंतवणूक ९,८४० रुपये.

आता हाच शेअर गॅपने खाली, २१६ ला उघडला तर काय होईल बघा:

- ४१ शेअर असतील तर तोटा ९८४ रुपये, भांडवलाच्या सुमारे २ टक्के.
- सगळे पैसे लावून २०८ शेअर घेतले असतील तर तोटा ४,९९२ रुपये, जवळजवळ १० टक्के.

शेअर तोच आणि घसरणही तीच, पण पहिला माणूस दुसऱ्या दिवशी शांतपणे ट्रेड करू शकतो. लक्षात ठेवा, १० टक्के गेले तर भरून काढायला ११ टक्के लागतात, पण ५० टक्के गेले तर १०० टक्के कमवावे लागतात.

सगळी हळद एका पेवात नको

वाईच्या घाटांवरून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणेला मिळते. तिथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत होती. पिढ्यानपिढ्या ही साठवण सुरक्षित मानली गेली. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. माल चांगला होता, पण पूर आला की शेजारशेजारची पेवं एकदमच बुडतात.

शेअरचंही तसंच आहे. पाच वेगवेगळ्या बँकांचे शेअर घेतले म्हणजे धोका विभागला, असं होत नाही. एक वाईट बातमी आली की पाचही एकत्र पडतात. म्हणून एका सेक्टरमध्ये दोनपेक्षा जास्त ट्रेड नकोत, आणि सगळ्या चालू ट्रेडचा मिळून धोका ५ टक्क्यांच्या आत ठेवा.

रोजचं विश्लेषण: संध्याकाळचा अर्धा तास

बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० चालतो. विश्लेषण बाजार बंद झाल्यावर करा, तेव्हा डोकं शांत असतं.

१. आधी निफ्टी बघा. डेली चार्टवर ५० दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजच्या वर आहे की खाली? खाली असेल तर मी धोका १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आणतो.
२. मग सेक्टर. आयटी, बँक, ऑटो यांच्यापैकी कोण निफ्टीपेक्षा बरं चाललंय?
३. मग वॉचलिस्ट. १०-१५ शेअर पुरे. सपोर्ट, रेझिस्टन्स आणि व्हॉल्यूम बघा. व्हॉल्यूमशिवाय झालेल्या ब्रेकआउटवर मी विश्वास ठेवत नाही.
४. निकालाची तारीख. तिमाही निकाल कधी आहे ते एनएसईच्या वेबसाइटवर तपासा. निकालाच्या आदल्या दिवशी पूर्ण पोझिशन ठेवू नका.
५. वहीत नोंद. खरेदी भाव, स्टॉप लॉस, टार्गेट, कारण. टार्गेट धोक्याच्या निदान दुप्पट हवं. वरच्या उदाहरणात धोका १२ रुपये, म्हणजे टार्गेट किमान २६४.

सकाळी ९ च्या आधी फक्त गिफ्ट निफ्टीवर नजर टाका, म्हणजे गॅपचा अंदाज येतो.

ॲपमधल्या तीन सेटिंग तपासा

- जीटीटी ऑर्डर: साधा स्टॉप लॉस त्या दिवसापुरताच असतो. जीटीटी पुढेही चालू राहते, त्यामुळे घाटात नेटवर्क गेलं तरी चालतं.
- लिमिटमध्ये जागा सोडा: ट्रिगर आणि लिमिट यांत १ रुपयाचं अंतर ठेवू नका. मी आता ३-४ टक्के ठेवतो. त्याहून मोठ्या गॅपमध्ये ऑर्डर तरीही अडकू शकते, म्हणून सकाळी ९:२० ला एकदा ॲप बघायचंच.
- डीडीपीआय: हे सुरू नसेल तर डीमॅटमधले शेअर विकताना टीपिन आणि ओटीपी लागतो. परवानगी दिलेली नसली तर विक्रीची ऑर्डर रिजेक्ट होऊ शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टॅक्स किती लागतो?
१२ महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के. शिवाय खरेदी आणि विक्री दोन्हीवर ०.१ टक्के एसटीटी, आणि विकताना डीपी चार्ज. म्हणून फार छोटे ट्रेड परवडत नाहीत.

यापेक्षा ऑप्शनमध्ये लवकर पैसे मिळतात ना?
सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. इंट्राडेमध्ये २०२२-२३ साली दहापैकी सात तोट्यात होते, आणि तिशीच्या आतल्यांची अवस्था आणखी वाईट होती. हे आकडे स्विंग ट्रेडिंगचे नाहीत, पण घाईची किंमत त्यातून कळते.

टेलिग्रामवरच्या टिप्स घ्याव्यात का?
सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, ते सेबीच्या वेबसाइटवर तपासा. नक्की नफ्याची हमी देतो, तिथून सरळ बाहेर पडा. नोंदणीकृत सल्लागाराने फसवणूक केली तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते.

सुरुवात कितीने करू?
गेले तरी घरखर्च आणि फी अडणार नाही एवढ्याने. कर्ज काढून अजिबात नाही. आधी २० ट्रेड कागदावर करा.

शेअर घेण्याआधी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो: उद्या हा १० टक्के खाली उघडला तर मला झोप लागेल का? उत्तर नाही आलं, तर संख्या कमी करतो.