मालेतील भारतीय उच्चायुक्त

राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे राजदूताऐवजी उच्चायुक्त नेमतात, काम तेच. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे २००९ ते २०१३ या काळात मालदीवमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. एवढ्याशा देशातली नेमणूक म्हणजे विश्रांती, हा समज मला अन्यायकारक वाटतो. २०१२ च्या अखेरीस तिथल्या सरकारने राजधानी माले येथील विमानतळाचे जीएमआर या भारतीय कंपनीला दिलेले कंत्राट रद्द केले आणि दोन्ही देशांत कटुता आली. पाठोपाठ १३ फेब्रुवारी २०१३ रोजी अटकेचे वॉरंट निघालेले माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नाशीद थेट उच्चायुक्तालयात आले आणि दहा दिवस तिथेच राहिले. घरात असा पाहुणा, दाराबाहेर यजमान देशाचे पोलीस आणि दिल्लीशी सतत सल्लामसलत: लहान बेटावर ही सारी जबाबदारी मूठभर माणसांवर येते. प्रशांत महासागरात तर सुवा येथील भारतीय उच्चायुक्तांकडे फिजीबरोबर टोंगा, तुवालू, किरिबाती यांचाही कार्यभार असतो.