आर्किबाल्ड सिम्प्सन : एका प्रांतीय वास्तुविशारदाचे जीवन व कार्य

प्रस्तावना
वास्तुकलेचा इतिहास बहुधा राजधान्यांच्या आधारे लिहिला जातो. परिणामी प्रांतीय नगरांतील कार्य त्याचे अनुकरण मानले जाते. ईशान्य स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे वास्तुविशारद आर्किबाल्ड सिम्प्सन (१७९०–१८४७) यांच्या कार्याच्या आधारे या धारणेचा फेरविचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण
सिम्प्सन यांचा जन्म ॲबरडीन येथे एका कापड व्यापाऱ्याच्या कुटुंबात झाला. लंडनमधील उमेदवारी व इटलीचा प्रवास यानंतर १८१३ मध्ये ते जन्मगावी परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्या वेळी युनियन स्ट्रीट या नव्या राजमार्गाची उभारणी चालू होती. या खर्चामुळे १८१७ मध्ये नगराचे दिवाळे निघाले. तथापि बांधकाम थांबले नाही. नगर वास्तुविशारद जॉन स्मिथ हे सिम्प्सन यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते.

ग्रॅनाइट आणि शैली
स्थानिक ग्रॅनाइट अत्यंत कठीण असल्याने त्यावर नाजूक कोरीवकाम करणे खर्चाचे व कष्टाचे होते. सिम्प्सन यांनी या मर्यादेतूनच आपली शैली घडविली. अलंकरणाऐवजी सपाट भिंती, प्रमाणबद्ध खिडक्या आणि रेखीव कडा यांवर त्यांनी भर दिला. असेंब्ली रूम्सचा (१८२०–२२) आयोनिक स्तंभांचा द्वारमंडप आणि बॉन ॲकॉर्ड क्रेसेंटची अर्धवर्तुळाकार घरांची रांग ही त्याची उत्तम उदाहरणे होत. याउलट एल्गिन येथील सेंट जाइल्स चर्च त्यांनी वालुकाश्मात, ग्रीक डोरिक शैलीत बांधले. मारिशल कॉलेजसाठी (१८३७–४४) मात्र त्यांनी गॉथिक शैली स्वीकारली. म्हणजेच त्यांची निवड साचेबद्ध नव्हती. स्थळ, साहित्य व प्रयोजन यांनुसार ती बदलत असे.

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. बाहेर पडलेल्या तीन मंडळींसाठी सिम्प्सन यांनी एकाच मनोऱ्याभोवती तीन चर्च उभारली. ती ‘ट्रिपल कर्क्स’ या नावाने ओळखली जातात. निधी अल्प असल्याने ग्रॅनाइटच्या या नगरात उंच मनोरा विटांचा बांधण्यात आला.

वारसा
सिम्प्सन यांचे न्यू मार्केट १८४२ मध्ये सुरू झाले. १८८२ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली आणि पुनर्बांधणीनंतर १९७१ मध्ये ते पाडण्यात आले. ट्रिपल कर्क्सचाही मुख्यतः मनोराच उरला. इतिहासात दुय्यम ठरलेल्या वास्तू प्रत्यक्षातही सहज नष्ट होतात, याचे हे द्योतक होय.

निष्कर्ष
सिम्प्सन यांचे ‘प्रांतीय’ असणे हे त्यांचे न्यून नव्हते. कठीण दगड, दिवाळखोर नगर आणि गरजू मंडळी या स्थानिक वास्तवाला दिलेल्या उत्तरातूनच त्यांची वास्तुकला घडली. म्हणून ‘प्रांतीय’ ही संज्ञा गुणवत्तेची नव्हे, तर परिस्थितीची निदर्शक मानणे अधिक योग्य ठरते.