शिक्षकांचें शिक्षण

मुलांस शिक्षक शिकवितो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शिक्षकास कोण शिकवितो, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. शाळेची इमारत डोळ्यांस दिसते, पटावरील मुलें मोजतां येतात, परीक्षेचा निकाल टक्क्यांनीं सांगतां येतो. शिक्षकाच्या मनाची मशागत मात्र अशी दाखवितां येत नाहीं. बियाणें कितीही उत्तम असलें तरी नांगरट व कुळवणी चुकलेल्या रानांत पीक धरत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. शाळेचीही गोष्ट तीच आहे. उमरग्याच्या परिसराचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे; कारण शिक्षकास आधार मिळणें व न मिळणें, या दोहोंचे परिणाम या भागानें अनुभवले आहेत.

इंग्रजी अंमलापूर्वीं शिकविण्याचें काम गांवोगांवचे पंतोजी करीत. धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेणें, मोडी वाचावयास लावणें, पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ करविणें, हा त्यांचा क्रम असे. पंतोजीस कोणत्याही संस्थेनें तयार केलेलें नसे. ज्या शाळेंत तो लहानपणीं शिकला, तीच त्याची अध्यापनशाळा. थोरला विद्यार्थी धाकट्यांकडून पाढे घोकून घेई आणि असें शिकवितां शिकवितां त्यांतलाच एखादा पुढें पंतोजी होई. ही देशी रीत सातासमुद्रांपलीकडेही गेली. अँड्र्यू बेल या पाद्र्यानें मद्रासेस अनाथ मुलांची शाळा चालवितांना ती उचलली, १७९७ सालीं लंडनमध्यें तिजवर पुस्तक प्रसिद्ध केलें आणि पुढें इंग्लंडांतील कित्येक शाळा त्याच पद्धतीवर चालल्या. तथापि तिच्यांत एक मोठी उणीव होती. शिकविणारा स्वतः जेवढें शिकला, त्याच्या पलीकडे तो जात नसे. आणि मागील पिढीची चूकही पुढील पिढीस तोंडपाठ होई.

ही उणीव भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न मुंबई इलाख्यांत झाला. एल्फिन्स्टन गव्हर्नर असतांना १८२२ सालीं शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं मुंबईंत एक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं तिच्या कामीं पुष्कळ श्रम घेतले, आणि १८२६ सालीं शिकवून तयार केलेल्या चोवीस शिक्षकांची पहिली तुकडी निरनिराळ्या जिल्ह्यांत रवाना झाली. १८४५ सालीं शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचें काम बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें शिक्षक तयार करणाऱ्या शाळा काढणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. पुण्यास ट्रेनिंग कॉलेज निघालें व कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे विद्वान त्याचे प्रमुख झाले. १८६१ सालीं ‘मराठी शालापत्रक’ सुरू झालें. कृष्णशास्त्री व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री या दोघांनींही तें चालविलें, आणि १८७५ पर्यंत तें शिक्षकांच्या हातीं पडत राहिलें. आडगांवीं एकटाच राहणाऱ्या शिक्षकास दर महिन्यास कोणीतरी समव्यवसायी भेटून जावा, तसें हें पत्रक होतें.

हा ओघ उमरग्यापर्यंत कां पोंचला नाहीं, याचें कारण राजकीय नकाशांत सांपडतें. १८५३ सालीं निजामानें आपल्याकडील फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाकडील मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला होता. त्यांपैकीं नळदुर्ग व रायचूर हे भाग १८६० सालीं निजामास परत मिळाले. आणि ‘शालापत्रक’ निघालें तें पुढल्याच वर्षीं. शेजारचें सोलापूर मुंबई इलाख्यांत राहिलें, तर उमरग्याचा टापू सरहद्दीच्या अलीकडे, दुसऱ्या राज्यांत राहिला. दोन्हीकडची बोली एक, पीक एक, बाजारहाट एक. परंतु शिक्षक घडविण्याची व्यवस्था मात्र निराळी.

इलाख्यांतही सर्व कांहीं आबादीआबाद नव्हतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शिक्षकांच्या स्थितीवर स्पष्ट टीका आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याच्या अभ्यासक्रमांत शेतकी व आरोग्य यांचें प्राथमिक ज्ञान असावें, त्याचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गांवीं तो पंधरा ते वीस रुपये असावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षकाची विद्या व त्याची भाकरी हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहींत, हें फुल्यांनीं त्या काळीं ओळखलें होतें. अर्धपोटीं माणसास उत्तम पुस्तक देऊनही तो तें उघडील, असा भरंवसा नसतो.

हैदराबाद संस्थानांत फारसीच्या जागीं उर्दू राजभाषा झाली. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा फार मोठा प्रयोग तेथें झाला, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांस विद्येच्या वरच्या पायऱ्या परक्या भाषेंतूनच चढाव्या लागत. म्हणून लोकांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. १९०७ सालीं हैदराबादेंत विवेकवर्धिनी व गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघालें. १९१७ सालीं अंबाजोगाईस योगेश्वरीची शाळा उभी राहिली. या शाळांस विद्यार्थी मिळाले. खरी वाण होती ती शिक्षकांची.

याच मालिकेंत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा येते. उमरग्याच्या वायव्येस, आज लोहारा तालुक्यांत मोडणाऱ्या हिप्परगा या लहानशा खेड्यांत, असहकाराच्या वाऱ्यांत, १९२१ सालीं ती स्थापन झाली. १९२९ सालीं तेथें मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे आले. पुण्याच्या टिळक विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें होतें आणि ना. म. जोशी यांच्या हाताखालीं कामगार चळवळींत त्यांनीं काम केलें होतें. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला व पुढें ते स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें सर्व देशास परिचित झाले. बाबासाहेब परांजपे हेही याच शाळेंतले त्यांचे सहकारी. राष्ट्रीय शाळा ही सरकारी कृपेवर चालणारी नव्हे. तेथें बढतीची आशा नव्हती. अशा शाळेंत शिक्षक आपल्या सोबत्याकडून शिकतो. सकाळीं वर्गांत न उलगडलेला धडा सायंकाळीं दोघांच्या बोलण्यांत उलगडतो. एकाचें वाचन दुसऱ्याच्या उपयोगीं पडतें. आणि शिक्षक स्वतः अभ्यास करीत आहे हें पाहून विद्यार्थ्यांसही अभ्यासाचें महत्त्व न सांगतां कळतें.

पण या पद्धतीची मर्यादाही हिप्परग्यानेंच दाखवून दिली. १९३५ सालीं स्वामीजी व परांजपे अंबाजोगाईस योगेश्वरीच्या शाळेंत गेले, आणि १९३८ सालीं स्वामीजींनीं शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यांत उडी घेतली. माणसें गेलीं कीं सोबत संपते. थोर माणसाच्या सहवासांत शिक्षक घडतो हें खरें. परंतु गांवोगांव थोर माणूस कोठून आणावयाचा? त्यासाठीं संस्थाच पाहिजे. याच सुमारास इतरत्र तसे प्रयत्न चालले होते. १९३५ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज काढलें, आणि १९३८ पासून रयत शिक्षण संस्थेनें खेड्यापाड्यांत शाळा उघडण्याचा सपाटा लावला. शाळेच्या आधीं शिक्षक, हा भाऊरावांचा हिशेब होता. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या परिषदेंतून मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली. तिच्यापुढेंही पहिली अडचण उभी राहिली ती हस्तोद्योगांतून शिकवूं शकणाऱ्या शिक्षकांची.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. आणि शंभर वर्षांपूर्वीं पडलेली सरहद्द पुसली गेली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. तशी संस्था धाराशिवासही आहे. १९९४ पासून शेजारच्या शाळांचा गट करून त्यावर केंद्रप्रमुख नेमण्याची व्यवस्था राज्यांत झाली व केंद्रांतील शिक्षकांस शिक्षण परिषदेच्या निमित्तानें एकत्र बसण्याची सोय मिळाली. २०१७ सालीं ‘दीक्षा’ ही केंद्र सरकारची व्यवस्था सुरू झाली व पाठ, चित्रफिती आणि प्रशिक्षणवर्ग शिक्षकाच्या हातांतील मोबाइलवर आले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें प्रत्येक शिक्षकानें दर वर्षीं निदान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठीं द्यावे, अशी अपेक्षा ठेवली आहे.

साधनांचें दारिद्र्य, तेव्हां, बऱ्याच अंशीं फिटलें आहे. ज्या मुलुखांत एके काळीं ‘शालापत्रका’चा एक अंक येणें दुर्घट, तेथें आज घरबसल्या व्याख्यानें ऐकतां येतात. पण पन्नास तास भरले म्हणजे शिक्षक शिकला, असें होत नाहीं. चित्रफीत चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवितां येईल. आपल्या वर्गांतील कानडी बोलणाऱ्या मुलास मराठी वाचन कां जमत नाहीं, याचें उत्तर मात्र त्या वर्गाची स्थिति जाणणाऱ्या सोबत्याशीं बोलल्यावांचून सांपडत नाहीं. हिप्परग्यास सोबत होती, पण ती टिकविणारी व्यवस्था नव्हती. आज व्यवस्था आहे. तिच्यांत सोबत किती उतरते, यावरच तिचें यश ठरावयाचें आहे. शिक्षण परिषदेचा दिवस हुकूम वाचण्यांत व तक्ते भरण्यांत गेला, तर गांवाच्या शाळेंतील शिक्षक पुनः पूर्वीच्या पंतोजीसारखा एकटा पडेल. आणि त्याच दिवशीं दोन शिक्षक एकमेकांस आपल्या वर्गांतील अडचण मोकळेपणानें सांगूं लागले, तर जी गोष्ट एकेकाळीं एका खेड्यांत कांहीं वर्षें घडली, ती प्रत्येक केंद्रांत घडूं शकेल.