आपले माप, आपली शिवण

तयार कपड्यांच्या दुकानात खांदा बरोबर बसला तर कंबर सैल होते आणि कंबर बसली तर बाही आखूड पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. यात दोष शरीराचा नसतो. कारखान्यात एका वेळी शेकड्यांनी कापले जाणारे कपडे सरासरी मापांवर बेतलेले असतात आणि सरासरीशी तंतोतंत जुळणारे शरीर क्वचितच आढळते. भारतात प्रचलित असलेली मापेही बव्हंशी परदेशी कोष्टकांवरून घेतलेली. म्हणूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील २५ हजार व्यक्तींची मापे घेऊन भारतीय मापकोष्टक तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. मात्र कोष्टक कितीही अचूक झाले तरी ते समूहाचेच असणार. आपल्या अंगाचा आणि आपल्या आवडीचा कपडा हवा असेल, तर स्वतः शिवायला शिकणे हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

गरजेकडून आवडीकडे

शिवणयंत्राचा इतिहास संघर्षाचा आहे. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पोटावर पाय येईल या भीतीने तेथील शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत इलायस हाव यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये पेटंटे मिळवली आणि यंत्र घराघरांत पोहोचले. १८६३ साली एबेनेझर बटरिक यांनी वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली, तेव्हा बेतण्याची विद्याही सामान्य गृहिणीच्या आवाक्यात आली. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. भारतात १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र बाजारात आणले.

महाराष्ट्रात शिवणकामाचा संबंध स्त्रियांच्या स्वावलंबनाशी जोडला गेला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शिवणकाम शिकवले जाई. मुलींचे परकर-पोलके, घरातल्यांचे लेंगे, उशांचे अभ्रे घरीच शिवण्यामागे मुख्यतः काटकसर होती. आज तयार कपडा अनेकदा कापडाच्या किमतीत मिळतो. त्यामुळे काटकसरीचे कारण मागे पडले आहे. आता शिवण शिकणाऱ्याला हवा असतो तो दुसऱ्या कोणाकडे नसलेला, स्वतःच्या पसंतीचा कपडा.

साहित्य मोजकेच

आरंभी साधी सरळ टीप घालणारे यंत्र पुरते. जुने काळे पायमशीनही चालते. नियमित तेलपाणी केल्यास ते पिढ्यान्पिढ्या टिकते आणि त्याला मोटारही बसवता येते. यंत्राखेरीज मापाची टेप, खडू, टाचण्या, शिवण उसवण्याचे छोटे हत्यार, इस्त्री आणि दोन कात्र्या लागतात. कापडाच्या कात्रीने कागद कधीही कापू नये, कारण कागदाने धार बोथट होते.

सुईची निवड कापडावर ठरते. मलमल वा व्हॉइलसाठी ११ नंबरची, नेहमीच्या सुती कापडासाठी १४ ची, तर डेनिमसारख्या जाड कापडासाठी १६ ची सुई योग्य. ताणल्या जाणाऱ्या होजियरी कापडाला गोल टोकाची सुई लागते, अन्यथा टाके सुटतात. टाक्याची लांबी सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला दहा टाके, ठेवावी.

यंत्रावर हात बसण्यासाठी शिवणवर्गांत एक सोपी युक्ती शिकवली जाते. सुईत दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर रेघेवरून यंत्र चालवायचे. रेघ साधली की वळणे आणि कोपरे. कोपऱ्यावर सुई कापडातच रोवून, दाब उचलून कापड फिरवायचे, हे एकदा अंगवळणी पडले की पुढचे सुकर होते. शिवणीच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे फासे दिसू लागले, तर बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. बॉबिनचा दोरा वर ओढला जात असेल, तर वरचा ताण सैल करावा.

कापडाची पारख

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून बेतण्याआधी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. हा एक दिवस वाचवण्याच्या नादात अनेकांचे पहिले कुर्ते आखूड झाले आहेत. कापडाचा उभा धागा काठाला समांतर असतो. कपड्याची उंची याच दिशेने धरली तर कपडा सरळ लोंबतो. धागा तिरपा धरला तर कापड ताणले जाते. गळ्याच्या वळणावर नीट बसावी म्हणून पट्टी मुद्दाम तिरकी कापतात, ती याच गुणामुळे.

पहिल्या कपड्यासाठी मध्यम जाडीचे सुती कापड घ्यावे. रेशीम, शिफॉन, जॉर्जेट ही कापडे हातातून निसटतात आणि शिकाऊ माणसाचा धीर खचवतात. गुडघ्यापर्यंतच्या, बाह्या असलेल्या कुर्त्यास ४४ इंच पन्ह्याचे साधारण सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागते.

माप आणि बेत

माप घेताना श्वास नेहमीसारखा असावा, पोट आत ओढू नये. टेप अंगाला टेकलेली असावी, आवळलेली नसावी. शक्यतो माप दुसऱ्याकडून घ्यावे. छाती, कंबर, नितंब, खांद्याची रुंदी, मुंढा, बाहीची लांबी आणि दंडाचा घेर एवढी मापे कुर्त्यास पुरतात.

समजा छाती ३६ इंच आहे. कुर्त्यात हालचालीसाठी ४ इंच सैलपणा धरला, तर घेर ४० इंचांचा होतो. कापडाची चौपदरी घडी घातल्यावर त्याचा चौथा भाग, म्हणजे १० इंच घ्यायचा आणि शिवणीसाठी १ इंच वाढवून ११ इंचांवर खूण करायची. सैलपणा किती ठेवायचा, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. कोणाला अंगाबरोबर बसणारा कपडा रुचतो, कोणाला मोकळा. कपड्याची शैली पहिल्यांदा ठरते ती या आकड्यात.

आधी खाका कागदावर काढावा आणि शक्य असल्यास स्वस्त मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवून अंगात घालून पाहावा. एक खांदा उतरता असणे, पाठीला किंचित बाक असणे, दंड भरलेला असणे ही वैशिष्ट्ये तेथेच लक्षात येतात आणि कागदावर दुरुस्त होतात. तयार झालेला खाका जपून ठेवला की गळा, बाही आणि उंची बदलून त्यातून अनेक कपडे निघतात.

सोप्याकडून अवघडाकडे

पहिल्या आठवड्यात उशीचा अभ्रा आणि पिशवी, नंतर नाडीचा परकर, मग सरळ कुर्ता आणि शेवटी ब्लाउज हा क्रम सोयीचा. सहा कळ्यांच्या परकरात तिरकी कड सरळ कडेला जोडण्याचा सराव होतो. कुर्त्यात आधी खांदे जोडावेत, मग गळ्याची पट्टी लावावी, बाह्या सपाट असतानाच मुंढ्याला जोडाव्यात, त्यानंतर बाहीपासून कमरेखालच्या कटापर्यंत बाजूची शिवण घालावी आणि अखेरीस खालची दुमड करावी. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवावी. घरचा कपडा ‘घरी शिवलेला’ दिसतो तो बहुतेकदा इस्त्रीच्या आळसामुळे.

ब्लाउज हा या विद्येचा कस. सैलपणा जेमतेम इंच-दीड इंच, टक्सची टोके योग्य जागी यायला हवीत आणि मुंढा असा हवा की हात वर केला तरी ब्लाउज उचलला जाऊ नये. येथे उसवणे अटळ असते. अनुभवी शिंपीही उसवतात. फरक इतकाच की ते आधी धावदोऱ्याची कच्ची शिलाई घालून पाहतात.

शैली म्हणजे निवड

स्वतः शिवणाऱ्याला मिळणारे स्वातंत्र्य बारीकसारीक गोष्टींत दिसते. स्त्रियांच्या तयार कपड्यांत खिसा अनेकदा नसतो किंवा नावापुरता असतो. घरी शिवताना बाजूच्या शिवणीत, कटाच्या वर, सहा इंच तोंडाचा खिसा बसवायला अर्धा तास पुरतो. आजीच्या इरकल साडीचे काठ कुर्त्याच्या बाहीला लावता येतात, चोळीचा खण जॅकेटच्या पाठीवर आणता येतो, विरलेल्या साडीचे अस्तर होते. हाताची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तीसाठी पाठीमागचे हुक पुढे घेता येतात, बटणांऐवजी चिकटपट्टी लावता येते. पुरुषांनाही ही विद्या परकी नाही. गावोगावच्या शिंप्यांची परंपरा मुख्यतः पुरुषांचीच आहे.

मात्र भ्रमही नसावेत. पहिला कुर्ता दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. त्याला सुटीचे दोन दिवस सहज लागतात आणि वाकून बसल्याने पाठ दुखते. यंत्राजवळ भरपूर उजेड आणि योग्य उंचीची खुर्ची हवी. पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. गल्लोगल्लीचे खासगी शिवणवर्गही बेतणे उत्तम शिकवतात.

एक कपडा स्वतः पुरा केला की तयार कपड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. बांगलादेशात साभार येथील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि त्यातील कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारांसह ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अतिशय स्वस्त कपड्यामागे कोणाचे तरी हात असतात, हे त्या दुर्घटनेने जगाला दाखवले. मुंढा जोडताना ज्याला दोनदा उसवावे लागले आहे, त्याला त्या हातांचे मोल सांगावे लागत नाही. असा माणूस कपडे कमी घेतो, पारखून घेतो, फाटले तर रफू करतो आणि उरलेली चिंधी पुढच्या गोधडीसाठी बाजूला ठेवतो.