‘हे खरे आहे काय?’ : विधिमंडळीय प्रश्नोत्तरांची घडण

१

विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत हे आधुनिक इतिहासाच्या अभ्यासकास सहज उपलब्ध असलेले, परंतु त्या मानाने फारच थोडे वापरले गेलेले साधन होय. त्यांतील भाषणे वाचली जातात. प्रश्नोत्तरे मात्र बहुधा केवळ चाळली जातात. एखादा आकडा किंवा तारीख तेवढी उचलावयाची आणि पान उलटावयाचे, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. परंतु प्रश्नोत्तर म्हणजे माहितीचा नुसता साठा नव्हे. प्रश्न ज्या साच्यात घातला जातो तो साचा इतिहासक्रमाने घडलेला आहे, आणि उत्तरात काय यावे व काय येऊ नये हे पुष्कळ अंशी त्या साच्यानेच ठरते. प्रस्तुत लेखात गृह आणि परिवहन या दोन खात्यांच्या अनुषंगाने या घडणीचा विचार करावयाचा आहे. शासनाशी सामान्य माणसाची गाठ प्रामुख्याने पोलीस आणि प्रवास या दोन ठिकाणी पडते, हे या निवडीचे एक कारण. आणि महाराष्ट्राच्या सचिवालयात परिवहनाचा कारभार दीर्घकाळ गृह विभागाच्याच कक्षेत राहिला, हे दुसरे.

२

मंत्र्यास प्रश्न विचारण्याची नोंदलेली प्रथा इंग्लंडात सुरू झाली ती उमरावांच्या सभागृहात, १७२१ मध्ये. साउथ सी कंपनीचा फरारी रोखपाल रॉबर्ट नाइट हा ब्रसेल्स येथे पकडला गेला, ही वार्ता खरी आहे काय, असे अर्ल कौपर यांनी विचारले आणि अर्ल ऑफ संडरलंड यांनी सरकारच्या वतीने उत्तर दिले. ‘वार्ता खरी आहे काय’ हा प्रश्नाचा सांगाडा तेव्हापासूनचा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानात हा हक्क सुखासुखी आला नाही. १८५३ च्या सनदेने स्थापन झालेले विधिमंडळ कार्यकारी शासनाकडे माहिती व कागदपत्रे मागू लागले, तेव्हा १८६१ च्या कायद्याने त्याचे काम केवळ कायदे करण्यापुरते मर्यादित करून ही वाट बंद केली. ती पुन्हा उघडली १८९२ च्या कायद्याने. सरकारलाही आपल्यावरील टीकेस जाहीर उत्तर देण्याचे साधन हवे होते, ही बाजू त्या वेळी मांडण्यात आली होती. म्हणजे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने प्रश्न ही मुख्यतः खुलासा करण्याची संधी होती. त्या वेळच्या नियमांप्रमाणे प्रश्न हा केवळ माहितीची विनंती असला पाहिजे. त्याची भाषा वादाची, काल्पनिक किंवा बदनामीकारक असता कामा नये. आणि उत्तरावर चर्चा होता कामा नये. पहिला प्रश्न भिंग्याच्या राजांनी १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला. फिरतीवरील सरकारी अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवताना खेड्यांतील दुकानदारांना सोसाव्या लागणाऱ्या त्रासाविषयी तो होता. पहिलाच प्रश्न अधिकाऱ्यांच्या प्रवासाचा आणि त्यांच्या जरबेचा निघावा, हे सूचक आहे.

१८९२ च्या व्यवस्थेत प्रश्नकर्त्यास एकच वाक्यसमूह बोलण्याची मुभा होती. उत्तर मिळाले की संवाद संपला. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास, आणि त्यालाच, वस्तुस्थिती अधिक स्पष्ट करून घेण्यापुरता पुरवणी प्रश्न विचारण्याची परवानगी दिली. १९१९ च्या सुधारणांनंतर हा अधिकार कोणत्याही सदस्यास मिळाला, आणि बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील खरी संक्रांती हीच होय. पुरवणी प्रश्न म्हणजे दुसरे वाक्य बोलण्याचा हक्क. आणि दुसऱ्या वाक्याशिवाय संवाद संभवत नाही.

तथापि उत्तर देणे आणि उत्तरदायी असणे यांतील अंतर तेवढ्याने भरून निघाले नाही. १९१९ च्या द्विदल राज्यपद्धतीत प्रांतांतील पोलीस हा ‘राखीव’ विषय होता. गृहखात्याचा सभासद प्रश्नास उत्तर देई, परंतु लोकनियुक्त सभागृह त्याला पदावरून दूर करू शकत नसे. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले व गृहखाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे गेले, तेव्हा पोलिसांविषयीचा प्रश्न प्रथमच सभागृहाला जबाबदार असलेल्या मंत्र्यास विचारला जाऊ लागला. परिवहनाच्या बाबतीत असेच वळण स्वातंत्र्यानंतर आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. खाजगी मोटारमालकांचा धंदा शासनाने हाती घेतल्यामुळे न आलेली गाडी हा विधानसभेत विचारण्याचा विषय झाला.

३

आता साच्याकडे वळू. महाराष्ट्र विधिमंडळातील प्रश्नाचा प्रारंभ ‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशा धर्तीच्या वाक्याने होतो. पुढे क्रमांकवार उपप्रश्न येतात. पहिल्यात घटना सांगून शेवटी ‘हे खरे आहे काय’ असे विचारलेले असते; नंतरचे ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होतात; आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा समारोप असतो. उत्तरेही ठरीव आहेत : ‘होय, हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’.

‘खुलासा’ हा अरबी शब्द. मुळात त्याचा अर्थ सार किंवा निष्कर्ष असा होता. मराठीत तो स्पष्टीकरण या अर्थी रुळला. सदस्य मागतो तो खुलासा, म्हणजे औपचारिक दृष्ट्या तो आरोप करीतच नाही. १८९२ च्या नियमातील ‘केवळ माहितीची विनंती’ या अटीचा हा मराठी वारसा म्हणता येईल. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या ४१ व्या नियमातही तीच परंपरा विस्ताराने आढळते : प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप, विशेषणबाजी किंवा बदनामी नसावी, मत विचारू नये, काल्पनिक गोष्ट विचारू नये.

या साच्यात ‘काय’ हा शब्द दोन भिन्न कामे करतो. ‘हे खरे आहे काय’ यात तो होय-नाही अशा उत्तराची अपेक्षा करणारा प्रश्नचिन्हक आहे. ‘कारणे काय आहेत’ यात तो प्रश्नार्थक सर्वनाम आहे. सदस्याला ज्ञान हवे असते ते बहुधा दुसऱ्या ‘काय’चे; पण तेथे पोहोचण्याची वाट पहिल्या ‘काय’मधून जाते. ‘असल्यास’ या संकेतार्थी दुव्यामुळे पुढील सर्व उपप्रश्न पहिल्यावर टांगलेले राहतात. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले की बाकीचे आपोआप निराधार होतात व ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते. यातून एक व्यावहारिक परिणाम संभवतो. पहिल्या उपप्रश्नात तारीख, ठिकाण, संख्या, व्यक्ती असा जितका तपशील भरावा, तितक्या नकाराच्या जागा वाढतात. घटना घडली पण मंगळवारी नव्हे, बुधवारी; एवढ्यावरही ‘हे खरे नाही’ म्हणता येते. पहिल्या उपप्रश्नात कमीत कमी सांगून शेवटच्यात अधिकात अधिक विचारणारा सदस्य म्हणूनच चतुर समजावा. आणि या साखळीची कडी तोडण्याचे सामर्थ्य पुरवणी प्रश्नातच आहे. कारण त्याला ‘असल्यास’ची अट लागू नसते.

उत्तरांच्या भाषेतही खात्याखात्यांचा स्वभाव दिसून येतो. ‘लाठीमार करण्यात आला’ या रचनेत कर्ता सांगण्याची गरजच उरत नाही. ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’ या रचनेत कर्ता येतो खरा, परंतु ‘लागणे’ या सहायक क्रियापदामुळे तो परिस्थितीचा अंकित होऊन येतो. परिवहनाच्या उत्तरांत अकर्मक क्रियापदांचे राज्य असते : गाडी घसरली, अपघात झाला, विलंब झाला. येथे कर्ता लपविण्याचे कारणच पडत नाही. क्रियापदच त्याची मागणी करीत नाही. त्यामुळे परिवहन खात्यास संख्या देणे सुकर जाते आणि गृहखात्यास ती देताना सावध राहावे लागते. त्यात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीचीही भर पडते. रेल्वे संघ सूचीत आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस राज्य सूचीत आहेत. तेव्हा संसदेत रेल्वेतील गुन्ह्याविषयी विचारले असता ‘हा राज्यांचा विषय आहे’ हे वाक्य उत्तराच्या आरंभीच उभे असते.

४

हा साचा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे एका अलीकडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सप्टेंबर २०२० मध्ये महामारीमुळे संसदेचे पावसाळी अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविनाच भरले. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे तेवढी देण्यात आली. पुरवणी प्रश्नाच्या दृष्टीने पाहता सदस्यांचा हक्क त्या अधिवेशनापुरता १९०९ च्या मागे गेला होता.

टाळेबंदीत घरी परतताना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी १४ सप्टेंबर रोजी लोकसभेत विचारण्यात आले. श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर असे, की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. १८ सप्टेंबर रोजी राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी मात्र आकडा दिला. ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जण मरण पावले. राज्यांच्या पोलिसांनी त्यांपैकी ८७ जणांचे मृतदेह शवविच्छेदनास पाठविले. तोवर ५१ अहवाल मिळाले होते.

ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. ‘मजूर’ म्हणून विचारलेल्या माणसाची नोंद नव्हती. ‘प्रवासी’ म्हणून विचारलेल्या माणसाची होती. गाडीत चढल्याबरोबर तो एका खात्याच्या कागदावर आला. परंतु ९७ हा आकडाही आपल्या व्याख्येपुरताच खरा आहे. ८ मे २०२० रोजी पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर विसावलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. ते जालन्याहून पायी निघालेले होते. श्रमिक गाडीतून ते प्रवास करीत नव्हते. म्हणून त्या ९७ मध्ये त्यांना जागा असणे शक्य नव्हते. त्यांचा मृत्यू रेल्वेमार्गावर झाला आणि रेल्वेच्या गाडीखाली झाला, तरी प्रश्नातील ‘गाडीतून प्रवास करताना’ या मर्यादेने ते बाहेर राहिले. दोन्ही उत्तरे नियमास धरून होती. केवळ ती वाचून इतिहास लिहिणाऱ्यास मात्र करमाडची १६ माणसे कोठेच भेटणार नाहीत.

५

या विवेचनातून संशोधकासाठी काही पथ्ये निघतात. उत्तर उद्धृत करताना प्रश्न पूर्ण उद्धृत करावा. कारण उत्तराची व्याप्ती प्रश्नातील नामांनी आखलेली असते. ‘हे खरे नाही’ असे आढळल्यास घटना घडली नाही असे समजू नये; पहिल्या उपप्रश्नातील कोणता तपशील नाकारला गेला, याचा शोध घ्यावा. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य जेथे येते तेथे थांबावे. प्रश्नकर्त्यास जे खरोखर जाणून घ्यावयाचे होते ते बहुधा त्याच क्रमांकासमोर सापडते. तारांकित प्रश्न असल्यास पुरवणी प्रश्न अवश्य वाचावेत, आणि ते विचारण्याची सोय नव्हती अशा काळातील उत्तरे अधिक सावधपणे वापरावीत. एकाच घटनेविषयी दोन खात्यांना विचारलेले प्रश्न एकत्र मांडले, तर एका खात्याच्या नोंदीतून निसटलेला माणूस दुसऱ्याच्या नोंदीत आहे की नाही, हे पाहता येते.

आणि तो दोहोंतही नसेल, तर तशी नोंद करणे हे इतिहासकाराचे काम आहे. त्यासाठी त्यास कोणाच्याही अनुमतीची किंवा पूर्वसूचनेची आवश्यकता नाही.