माथेरान : वाहनबंदी, हातरिक्षा आणि ई-रिक्षा

पादचाऱ्यांसाठी राखलेला रस्ता पुन्हा वाहनांना खुला करावा काय, हा प्रश्न अमेरिकेतील शहरांपुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. कालामाझू या शहराने १९५९ मध्ये आपली मुख्य बाजारपेठ मोटारींना बंद केली आणि १९९८ मध्ये तिचा काही भाग पुन्हा खुला केला. शिकागोतील स्टेट स्ट्रीटवर हेच १९७९ व १९९६ या वर्षांत घडले. दोन्ही ठिकाणी कारण व्यापाराचे होते. ग्राहक मोटारीने उपनगरांतील दुकानांकडे वळला होता. मुंबईत पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवण्याचा उपक्रम सुरू केला, पण तेथे वाहने काही तासांतच परत येत. वर्सोवा-अंधेरीपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावरील माथेरानात मात्र हा प्रश्न अगदी निराळ्या रूपात पुढे आला. त्या रूपाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हा डोंगर पाहिला आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. तेथील हवा खाण्यासाठी येणारा साहेब किंवा मुंबईचा धनिक स्वतः फारसा चालत नसे. तट्टू, पालखी आणि माणसांनी खांद्यावर वाहिलेली खुर्ची ही त्याची वाहने होती. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी थेट गावात पोहोचली. म्हणजे माथेरानने यंत्राला कधीच सरसकट नकार दिला नव्हता. नकार होता तो मोटारीला. ती आजही दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतची तांबड्या मातीची वाट चालत, घोड्यावरून, छोट्या गाडीने किंवा, अलीकडेपर्यंत, हातरिक्षातून पार करावी लागे.

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांसारखे अपवाद वगळता वाहनबंदीला त्यामुळे कायद्याचे बळ मिळाले. जंगल, मातीची धूप आणि शांतता यांचा विचार करता हा निर्णय योग्यच होता. तथापि वाहनबंदीची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही. हातरिक्षा एक जण पुढून ओढतो आणि चढावर इतर मागून रेटतात. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर, उन्हाळ्यात धुळीतून, आत बसलेल्या पर्यटकाचे व त्याच्या सामानाचे ओझे माणसाच्या छातीवर येते. शासनाच्या दृष्टीने हे ‘वाहन’ नव्हते. त्यामुळे ‘वाहनमुक्त’ गावाची कीर्ती या श्रमावर उभी होती, हे पर्यटकांच्या माहितीपुस्तकांत क्वचितच आढळते.

बदलाची मागणी या कष्टकऱ्यांकडूनच आली, ही या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय बाब. कालामाझूत दुकानदारांना ग्राहक हवा होता. माथेरानात रिक्षा ओढणाऱ्याला रिक्षा ओढण्यातून सुटका हवी होती, पण पोटाची सोय सोडून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापरास परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि वृद्धांना त्याचा लगेच उपयोग झाला. घोडेवाल्यांचा विरोध मात्र कायम राहिला. त्यांना केवळ परंपरावादी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण प्रवासी कमी झाला तरी घोड्याचा चारा कमी होत नाही. पर्यावरणवाद्यांची भीतीही निराधार नव्हती. ई-रिक्षेसाठी वाटेवर ठोकळे बसवायचे, तर उद्या त्याच ठोकळ्यांवरून मोटार येणार नाही, याची हमी कोण देणार?

एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या २० वर मर्यादित ठेवली आणि त्या हातरिक्षाचालकांनाच देण्यात याव्यात असे सांगितले. ऑगस्ट २०२५ मधील आदेशाने त्यापुढचे पाऊल टाकले. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. राज्य शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, उरलेल्या आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना द्याव्यात आणि निधी नाही ही सबब पुढे करू नये, असेही त्यात नमूद आहे. ठोकळ्यांना दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर मुभा मिळाली. गावातील अंतर्गत वाटा व डोंगरातील पायवाटा त्यातून वगळण्यात आल्या.

वाहन कोणाच्या मालकीचे व किती, याला या आदेशाने इंजिनाइतकेच महत्त्व दिले. हातरिक्षाचालकाला कर्जबाजारी न करता ई-रिक्षा मिळाली, तर माथेरान वाहनांना खुले होऊनही पादचाऱ्यांचेच राहू शकते. हीच परवानगी उद्या हॉटेलमालक किंवा भांडवलदार मुंबईकराच्या हाती गेली, तर ओढणारा केवळ बेकार होईल आणि वाटेवर नवा मालक येईल.