उंट जिथून परत फिरतो

सम गावच्या वाळूत उंटसवारीचे तीन दर होते. मी मधला निवडला. उंटाचं नाव बबलू. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोकलच्या दारात उभं राहून आयुष्यभर कमावलेला तोल एका झटक्यात फुकट गेला.

पंधरा मिनिटं मावळतीकडे चाललो आणि बबलू आपणहून वळला. उंटवाल्याने दोरीला हातही लावला नव्हता.

"अजून थोडं पुढे नेता येईल का?"

"आगे क्या है साहब? रेत है, फिर बॉर्डर।"

दोन दिवस जैसलमेरमध्ये एकच प्रश्न डोक्यात होता. पाऊस नाही, नदी नाही, शेती जेमतेम. मग हे कोरीव सज्जे, किल्ल्यातली जैन मंदिरं, हा सगळा पैसा आला कुठून? गाईडचं उत्तर ठरलेलं होतं: "व्यापार!" ते खोटं नाही. रावळ जैसलने 1156मध्ये लोद्रव्याहून राजधानी इथल्या त्रिकूट टेकडीवर आणली. त्यानंतर सिंध आणि हिंदुस्थान यांच्यामधल्या उंटांच्या तांड्यांवर हे गाव जगलं. भाटी राजे तांड्यांकडून जकात घेत आणि त्यांना संरक्षण देत. अधूनमधून लूटही करत.

पटव्यांच्या हवेल्यांसमोर मात्र मी त्याला अडवलं. गुमानचंद पटवा यांनी पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या त्या 1805च्या सुमारास. कसला व्यापार? जरी, किनखाप, सोनं-चांदी, सावकारी. "और भी कुछ," म्हणून तो झरोक्याची जाळी दाखवायला वळला.

हे 'और भी कुछ' म्हणजे अफू.

अफू पिकायची माळव्यात, म्हणजे बरीचशी शिंदे-होळकरांच्या मुलखात. बंगाल-बिहारच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती, माळवा मात्र तिच्या मुठीत येईना. 1818नंतर कंपनीने संस्थानिकांशी करार करून वाटा बंद करायचा प्रयत्न केला. व्यापाऱ्यांनी सरळ वळसा घातला: माळव्यातून पाली, पालीहून जैसलमेर, वाळवंट ओलांडून कराची, तिथून गलबताने पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढे चीन. नकाशावर बोट फिरवून पाहा. दमण माळव्यापासून जितकं जवळ आहे, तितकाच हा रस्ता वेडावाकडा वाटतो. पण तो परवडत होता.

शेवटी कंपनीने हट्ट सोडला. अफू मुंबई बंदरातूनच न्या, पेटीमागे ठरावीक रक्कम भरून परवाना घ्या, असा मार्ग काढला. आता सगळा खेळ हिशेबाचा झाला. परवाना महाग पडला की माल उंटावर चढे. म्हणून 1835मध्ये हा दर पेटीला 125 रुपयांवर आणावा लागला. कलकत्त्यातल्या साहेबांना माळव्याच्या अफूवर किती कर बसवता येईल, हे थरच्या वाळवंटातल्या उंटाच्या भाड्यावर अवलंबून होतं!

फेब्रुवारी 1843मध्ये मियाणीची लढाई झाली आणि सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला. कराचीचं दार बंद. त्याच वर्षी परवाना 200 रुपये झाला, 1845मध्ये 300, 1847मध्ये 400. आता व्यापारी जाणार कुठे? मुंबईलाच.

माझा जन्म जे. जे. रुग्णालयाचा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ते रुग्णालय याच दशकातलं, आणि त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. शाळेत आम्हाला जमशेटजी शिकवले तेव्हा बाईंनीही 'व्यापार' एवढंच सांगितलं होतं. गाईडला हसायचा मला काही हक्क नव्हता.

जैसलमेर एकट्या अफूमुळे ओस पडलं असं मी म्हणणार नाही. आगबोटी आल्या, दूरच्या गावांतून आगगाड्या धावू लागल्या, शेठलोक हवेल्यांना कुलपं लावून निघून गेले. 1947मध्ये उरलासुरला रस्ताही तुटला. जैसलमेरला रेल्वे पोचली ती 1965च्या युद्धानंतर. मग 1974मध्ये सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' आला आणि बंगाली पर्यटकांची रीघ लागली, ती अजून आहे. उंटांचं मात्र काही खरं नाही. पशुगणनेनुसार देशात 2012मध्ये सुमारे चार लाख उंट होते, 2019मध्ये अडीच लाख उरले.

परतताना उंटवाला बोलता झाला. त्याची आत्या उमरकोटला दिलेली. आजोबा सोयरीक जमवायला उंटावरूनच गेले होते. मुक्काम कुठे केले, विहिरी कुठल्या लागल्या, ते सारं आजोबांना तोंडपाठ होतं. 2006मध्ये जोधपूरहून थार एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा वडील एकदा बहिणीला भेटून आले. 2019मध्ये ती गाडी बंद झाली. आता फोन.

"आणि तुम्ही? रस्ता ठाऊक आहे?"

त्याने बबलूकडे बोट दाखवलं. "इसको यहीं तक आता है, साहब।"

बबलू गुडघे मोडून बसला. मी या वेळी पुढचा खुंटा घट्ट धरला होता. उतरतो न उतरतो तोच कोलकात्याच्या एक काकू चढायला पुढे झाल्या, तेव्हा त्यांनाही धरायला सांगितलं.